गेट झाली एकदाची!
दिली बाबा आज गेट, इंजिनिअरिंगनंतर एमटेकला जायची परीक्षा. ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, आणि कॅल्क्युलेटर स्वतःचा न्यायचा नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा, माऊसने एकेक आकडा दाबत बसा, म्हणून घरीपण तसाच सराव चालू होता आणि आई वैतागून म्हणायची, काय रे सारखं टकटक टकटक! न्युमेरिकलला, म्हणजे आकड्यात उत्तर द्यायच्या प्रश्नांना, निगेटिव्ह मार्क नाहीत त्यामुळे तिथे बिनधास्त ठोकलं, पण दोन मार्कांचा एमसीक्यू (पर्यायवाला प्रश्न) चुकला की दोन तृतीयांश मार्क जातात, तिथे हात आखडता. अ‍ॅप्टिट्यूडचे १५ मार्क फुकटचे म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. शेजारचा पोरगा तर अर्ध्या तासात डोकं टेकवून गाढ झोपला, धन्य! स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेक की पीएसयू, म्हणजे सरकारी कंपनीत नोकरी, ते नंतर बघू. मिसळ खायला कोण येतंय?