एका पारदर्शक शीटपायी अडलेला प्रयोग: माझा अनुभव

सी अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याच्या भ्रूणांवर अतिनील-बी किरणांचा (साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण) काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा एक भाग. प्राणी मिळाले, दिवे मिळाले, पोटॅशियम क्लोराइड टोचल्यावर माद्यांनी अंडी सोडली, फलनही छान झालं. अडलं ते एका पातळ शीटवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रयोगशाळेतल्या अतिनील-बी ट्यूबमधून २८० नॅनोमीटरच्या खालचे किरणही थोडे निघतात. सूर्याचे हे किरण वातावरणात वरच अडतात, समुद्रापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे ट्यूबखाली उघडे ठेवलेले भ्रूण मेले, तर खऱ्या समुद्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सेल्युलोज अॅसिटेटची शीट साधारण २९०च्या खालचं कापते आणि बाकीचं अतिनील-बी जाऊ देते. पॉलिएस्टरची शीट मात्र ३१५च्या आसपासपर्यंत सगळंच कापते. ती लागते तुलनेच्या गटासाठी. दोन्ही हातात घेतल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही.

मी मागणीपत्रात दोन्ही लिहिल्या होत्या, आणि अॅसिटेटपुढे ‘पर्याय चालणार नाही’ असंही लिहिलं होतं. आली सगळी पॉलिएस्टर. खरेदी विभागात गेले तर म्हणाले, ‘मॅडम, दोन्ही पारदर्शकच की, ही जास्त टिकते.’ गठ्ठा उघडला म्हणून परत जाईना. नवीन मागणीला लेखी कारण हवं. ते दिलं, तर ‘आधीचा माल वापरून संपवा’ असा शेरा मारून फाइल परत. अर्चिनच्या जननग्रंथी काही बारा महिने भरलेल्या नसतात. इकडे फाइल टेबलावर पडून होती आणि तिकडे टाकीतल्या माद्यांची अंडी कमी कमी होत चालली होती. त्या काळात मला रात्री झोप लागायची नाही. ज्या माणसाने सही अडवली त्याला हंगाम म्हणजे काय, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतून अॅसिटेटचा एक तुकडा मागून आणला. दोन्ही शीटच्या क्युवेटच्या (नमुना ठेवायच्या छोट्या चौकोनी नळीच्या) मापाच्या पट्ट्या कापल्या, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २५० ते ४०० असं स्कॅन केलं आणि दोन्ही रेषा एकाच कागदावर छापल्या. ३०० नॅनोमीटरला अॅसिटेटची रेषा वर चढलेली, पॉलिएस्टरची तळाला चिकटलेली. तो कागद फाइलला लावला आणि सही झाली. माझं चार परिच्छेदांचं पत्र कुणी वाचलं नव्हतं. तुम्ही आलेख पहिल्याच मागणीला जोडा. आणि शीट आली की पुडक्यावरच्या लेबलवर विसंबू नका, प्रत्येक गठ्ठ्यातली पट्टी स्वतः तपासा.

अॅसिटेट ट्यूबखाली जुनं होत जातं आणि त्यातून जाणारं अतिनील-बी कमी होतं. म्हणून नवी शीट आधी काही तास दिव्याखाली धरून मगच लावा, आणि ठरावीक काळाने बदला. भ्रूण ठेवलेल्या बशीचं झाकण काढा. काच काय किंवा पॉलिस्टायरीन काय, दोन्ही अतिनील-बी अडवतात. भ्रूणांची गर्दी नको, एकमेकांवर सावली पडते. दिव्याखाली पाणी तापतं, तेव्हा सगळ्या बशांचं तापमान सारखं राहील हे पाहा.

हंगामाच्या शेवटी का होईना, प्रयोग झाला. पॉलिएस्टरखालचे भ्रूण अंधारातल्या बशीच्या बरोबरीने दोन पेशींचे झाले. अॅसिटेटखाली कितीतरी अजून एकाच पेशीचे होते. पुढे त्यांतून आलेल्या प्लुटियस डिंभांचे (अर्चिनच्या पोहणाऱ्या पिल्लांचे) हात आखूड, सांगाड्याच्या काड्या वाकड्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं आणि इतक्या भांडणाचं चीज झालं असं वाटलं.

अतिनील-बीमुळे डीएनएतले शेजारचे थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना जोडले जातात. फोटोलायेज नावाचं विकर (एन्झाइम) निळ्या आणि अतिनील-ए प्रकाशाच्या मदतीने हे जोड सोडवतं. म्हणून नुसती अतिनील-बी ट्यूब लावून बाकी खोली अंधारी ठेवू नका; दुरुस्तीला प्रकाशच न मिळाल्याने नुकसान समुद्रात होईल त्यापेक्षा जास्त दिसतं.

आणखी एक, हे मला पार शेवटी आठवलं तरी तुम्ही सुरुवातीलाच करा. लाल शैवालात मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं असतात, ती अतिनील किरण शोषून घेतात. अर्चिनला ती खाण्यातून मिळतात आणि मादी ती अंड्यांत उतरवते. टाकीतल्या माद्यांना काय खायला घातलं याची नोंद नसेल, तर दोन माद्यांच्या अंड्यांमधला फरक कशामुळे आला हे नंतर सांगता येत नाही.