लेगस्पिन अपडेट: गुगली थांबवली, सुभाष गुप्तेंचा अभ्यास चालू

लेगी मंडळींनो, पाऊस उघडल्यावर बॉलिंग परत चालू केली तेव्हापासूनचं लिहितोय. सर्वात मोठा बदल म्हणजे गुगली (लेगब्रेकसारखी दिसून उलट आत वळणारी) पूर्ण बंद ठेवलीये. सध्या फक्त लेगब्रेक, म्हणजे टप्पा पडून उजव्या बॅट्समनपासून बाहेर वळणारा नेहमीचा बॉल, आणि तोही एकाच लेंथवर पडेपर्यंत दुसरं काही नाही. हे ठरलं ते १९५०च्या दशकातले भारताचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांच्या आकड्यांमुळे.

आपण सगळे ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नवर वाढलो, १९९३ला त्याने इंग्लंडच्या गॅटिंगला बोल्ड केलेला बॉल प्रत्येकाने किती वेळा बघितला असेल, पण आपल्या मुंबईच्या गुप्तेंबद्दल नव्या पोरांना फारसं माहितीच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ३६ टेस्ट, १४९ विकेट, सरासरी २९.५५, आणि वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्ससारखा माणूस त्यांना वॉर्नच्याही वर ठेवायचा. पण मी अडकलो ते दुसऱ्याच आकड्यावर. टेस्टमध्ये त्यांनी ११,२८४ बॉल टाकले, म्हणजे एका मॅचला सरासरी ५२ ओव्हर! आणि रन किती दिले, तर ओव्हरला अडीचच्याही खाली. बॉल हवेत सोडणारा, फ्लाइट देणारा माणूस आणि तरी एवढा कंजूस. सगळे म्हणतात गुप्तेंकडे दोन वेगळ्या गुगल्या होत्या, खरंय ते, पण दोन गुगल्यांवर कोणी मॅचला ५२ ओव्हर टाकत नाही भो, त्यातला बहुतेक माल साधा लेगब्रेकच असणार. तो इतका पक्का होता म्हणून तर बॅट्समन त्याच्याच तयारीत राहायचा आणि गुगलीत फसायचा.

१९५२-५३ला वेस्ट इंडीजमध्ये समोर वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे त्यांचे तिघंही मोठे बॅट्समन होते. वीक्सने त्या सिरीजला ७१६ रन ठोकले, आणि त्याच सिरीजमध्ये गुप्तेंनी २७ विकेट काढल्या. मार खाल्ला तरी फ्लाइट सोडली नाही असा माणूस. हे वाचलं आणि ठरवलं, आधी हेच जमवायचं.

आता प्रॅक्टिसचं सांगतो. जुना सीझन बॉल घेतला आणि सीमच्या (शिवणीच्या) एका बाजूला पांढरा ऑइलपेंट मारला, दुसरी बाजू लाल ठेवली. मोबाईल नॉनस्ट्रायकरच्या मागे स्टुलावर ठेवून स्लो मोशनमध्ये बघतो. सीम स्लिपकडे झुकून नीट फिरत असली तर दोन्ही रंग वेगवेगळे दिसतात, डगमगली की सगळं गुलाबी होऊन जातं. हा उपाय फुकटातला आहे आणि कोचने दहा वेळा सांगून कळणार नाही ते एका व्हिडिओत कळतं, सगळ्यांनी करून बघाच. मला यातून कळलं की अनामिकेचा जोर बॉल सुटताना शेवटच्या क्षणी लागला पाहिजे, आधी लागला तर बॉल नुसताच उंच जातो.

ड्रिफ्ट, म्हणजे बॉलचं हवेतच बाजूला सरकणं, अजून कधीतरीच मिळतो. ज्या दिवशी फॉलोथ्रू पूर्ण होतो, म्हणजे उजवा खांदा बॅट्समनकडे येतो आणि मागचा पाय फिरून पुढे पडतो, त्या दिवशी बॉल हवेत आधी लेगकडे (बॅट्समनच्या पायांच्या बाजूला) सरकतो आणि मग टप्पा पडून बाहेर निघतो. असा एखादा पडला की दिवस सार्थकी लागतो.

आमच्याकडे, भुसावळ भागात, पिच म्हणजे खाली दाबलेला मुरूम आणि वर मॅटिंग (चटई). मॅटिंगवर बॉल चावतो, उसळतो, वळतो, छान वाटतं, पण तेवढ्यावर खूश व्हायचं नाही असं माझं मत आहे. म्हणून काही दिवस मॅट न टाकता शेताकडेच्या टणक काळ्या मातीवर टाकतो. तिथे हाताने जेवढं फिरवलं तेवढंच वळतं, फुकट काही मिळत नाही. थंडीतली सकाळ सोडली तर आपल्या खान्देशात बोटं घामाने ओली, त्यामुळे रुमाल खिशात लागतोच. आणि मार्चनंतर नऊच्या पुढे कोणी मैदानात थांबूच नका.

भाचा बॅटिंगला उभा असतो. तो चांगला ओपनर आहे, अंडर-सिक्स्टीन खेळतो. गुगली बंद करायच्या आधी तो म्हणायचा, "मामा, तुमचा खांदा खाली पडला की मी समजतो." आता खांद्यासकट सगळं पुन्हा घडवायचं आहे, लेगब्रेकचा खांदा पक्का झाला की त्याच खांद्यातून गुगली काढायची.

कानपूर १९५८ बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वेस्ट इंडीज २२२ ऑलआउट, गुप्ते १०२ रनांत ९ विकेट! गुप्तेंना न मिळालेला एकच, लान्स गिब्स, त्याचा कॅच विकेटकीपर ताम्हाणेंकडून सुटला आणि नंतर तो रांजणेंनी बोल्ड केला. दहापैकी दहा व्हायला एकच कॅच कमी पडला. आणि गुप्तेंच्या टेस्ट करिअरचा शेवट तर फारच वाईट झाला, १९६१च्या दिल्ली टेस्टच्या वेळी हॉटेलात रूममेटने रिसेप्शनिस्टला फोन केला, तक्रार झाली, आणि ज्यांनी फोन केलाच नव्हता त्या गुप्तेंनाही बाहेर बसवलं. वय फक्त ३२. परत टेस्ट खेळलेच नाहीत. पुढे पत्नीच्या त्रिनिदादला राहायला गेले आणि २००२ला तिथेच गेले. एवढ्या मोठ्या लेगीला आपण असं घालवलं, हे मला अजून पटत नाही.

पुढचा प्लॅन: स्टंपपासून चार पावलांवर रुमाल टाकायचा आणि लेगब्रेक तिथेच पाडायचा, संक्रांतीपर्यंत फक्त हेच. नंतर टॉपस्पिनर (न वळता सरळ जाऊन उसळणारा), कारण मनगट थोडंसंच बदलावं लागतं, आणि गुगली सर्वात शेवटी. जळगाव, चाळीसगाव, धुळ्याकडचे कोणी लेगी असतील तर स्लो मोशन व्हिडिओ टाका, विशेषतः मॅट न टाकता काढलेले.