कोकणकडा टाइमलॅप्स : २१८ व्या फ्रेमचा बंदोबस्त

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून घेतलेल्या ढगांच्या टाइमलॅप्सचं (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओचं) काम एकदाचं पुढे सरकलं. दर चार सेकंदांनी एक फोटो, सगळं मॅन्युअल: एफ/८ (लेन्सच्या भोकाचं माप; आकडा लहान तितकं भोक मोठं), शटर ठरलेलं, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्सही बांधलेला. दुपारचं ऊन एकसारखं होतं. तरी २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) चालवलं की नवव्या सेकंदाला पडदा लख्खकन पांढरा व्हायचा.

दोषी फ्रेम २१८. एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली सेटिंगची नोंद) पाहिला तर आकडे शेजारच्या फ्रेमसारखेच, एफ/८ सुद्धा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र उजव्या, म्हणजे पांढऱ्या भिंतीला चिकटलेला. खरा पुरावा दिला पुढच्या गवताने: बाकी सगळीकडे काडी न् काडी दिसते, इथे ते धूसर. म्हणजे त्या एका फोटोपुरती लेन्सचं भोक लहान करणारी पाती मिटलीच नाहीत, लेन्स एफ/२.८ वर सताड उघडी राहिली. डीएसएलआर दर फोटोला पाती मिटवतो आणि लगेच उघडतो. एक्झिफमध्ये आपण मागितलेला आकडा लिहिला जातो, पाती प्रत्यक्षात कुठे थांबली ते नाही. एफ/८ ते एफ/२.८ म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), आठपट उजेड.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) एक्स्पोजर तीन स्टॉप खाली ओढलं. कातळ बऱ्यापैकी परतला, पण ढगांचे माथे राखाडी आणि सपाट झाले, कारण तिथे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल भरून वाहिले होते. गवताचा धूसरपणा तर कुठल्याच स्लायडरने जात नाही. फ्रेम काढून टाकावी, तर कड्यावरून वर उसळणारे ढग तिथे टुणकन उडी मारतात. रात्रीच्या ताऱ्यांच्या क्लिपमध्ये मी बिनधास्त काढली असती, तिथे एवढी उडी जाणवली नसती.

मग शेजाऱ्यांकडून उसनवारी. २१७ आणि २१९ त्याच सेटिंगने १६ बिट टिफ फाइलमध्ये काढल्या, गिम्प या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के केली. कातळ आणि गवत मास्क लावून (लेयरचा नको तो भाग झाकून) फक्त २१७ मधून घेतलं, नाहीतर वाऱ्याने हललेलं गवत दुहेरी दिसतं. क्लिप थांबवून पाहिली तर जवळच्या ढगाला दोन कडा दिसतात खऱ्या, पण ही फ्रेम पडद्यावर असते सेकंदाचा पंचविसावा भाग. चालत्या क्लिपमध्ये मला तरी सापडत नाही. रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा ऑप्टिकल फ्लोही (हालचाल ओळखून मधली फ्रेम बनवणारा) लावून पाहिला; ढग कातळावरून सरकतो तिथे त्याने चिखल केला. साधं मिश्रण बरं.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. नव्या फ्रेमला जुनंच नाव द्यायचं, कारण क्रमांकात खंड पडला की फ्रेम जोडून व्हिडिओ करणारा एफएफएमपेग तिथेच थांबतो. आणि हे सगळं डीफ्लिकरच्या (फ्रेम-फ्रेममधला उजेडाचा चढउतार सपाट करण्याच्या) आधी. डीफ्लिकर आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी धरून चालतो, त्यामुळे एक भडक फ्रेम शेजाऱ्यांनाही बिघडवते.

वीज चमकून फ्रेम पांढरी झाली असती तर मात्र हात लावला नसता. ती घटना आहे, बिघाड नाही.

पुढच्या वेळी अॅपर्चर रिंगवाली (भोक हाताने ठरवायची कडी असलेली) जुनी मॅन्युअल लेन्स अॅडॅप्टरवर लावणार. पाती एकदा मिटली की शेवटपर्यंत तशीच राहतात. कॅननवाले डेप्थ ऑफ फील्डचं बटण (ते दाबलं की पाती मिटतात) दाबून लेन्स कॅमेऱ्यावर किंचित सैल फिरवतात आणि तोच परिणाम साधतात, पण कोकणकड्याच्या वाऱ्यात अर्धवट अडकवलेली लेन्स ठेवायची माझी छाती नाही.