ऑनलाइन शिकवताना पडद्यावर रेघ ओढणे

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील घरी बसून मी परगावच्या विद्यार्थ्यांना वास्तुकलेचा इतिहास शिकवतो. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे छायाचित्र दाखवताना नुसता माउसचा बाण फिरवून भागत नाही, कारण घुमट, छत्र्या आणि कमानी यांच्या दाटीत बाण नेमका कशावर आहे हे समोरच्याला कळेपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘झूमइट’ हे विंडोजवरील मोफत साधन मला सर्वांत सोयीचे वाटते. कंट्रोल आणि २ या कळा एकत्र दाबल्या की पडद्यावर रेखाटता येते. शिफ्ट धरून ओढल्यास रेघ सरळ येते, कंट्रोल धरल्यास चौकोन उमटतो आणि ‘ई’ दाबताच सारे पुसले जाते. राजवाड्याच्या तांबूस दगडावर लाल रेघ हरवते, म्हणून मी ‘बी’ दाबून निळी घेतो. मात्र पडदा शेअर करताना एखाद्याच प्रोग्रॅमची विंडो न निवडता संपूर्ण स्क्रीन निवडावी, अन्यथा रेघा फक्त आपल्यालाच दिसतात. माझ्या मते रेघ बोलण्याच्या बरोबरीनेच ओढावी, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळण्याआधी आवर्जून पुसावी.