बर्फावरची गाडी आणि दोन तारखा

काल सकाळी अमेरिकेतल्या आयोवा सिटीत रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून माझी गाडी घसरली. छातीत धस्स झालं. ‘बर्फावर ब्रेक दाबायचा नाही’ हे पहिल्याच हिवाळ्यात शिकवतात, तरी पाय ब्रेककडे गेलाच.

अशाच गोठलेल्या रस्त्याने मेंदूतज्ज्ञ अंतोनिओ दामासिओ यांचा एक पेशंट त्यांच्याकडे आला होता. कपाळामागचा मेंदूचा भाग निकामी झालेला. पुढची गाडी घसरून खड्ड्यात गेलेली त्याने पाहिली आणि त्याच बर्फावरून तो शांतपणे निघून आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. तो डायरी उघडून बसला. त्या दिवशीची इतर कामं, हवा, दोन्ही बाजूंची कारणं, जवळजवळ अर्धा तास! शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली, तेव्हा ‘चालेल’ म्हणून तो उठला.

दामासिओ लिस्बनचे. पत्नी हॅना याही मेंदूतज्ज्ञ. दोघं सत्तरच्या दशकात इथल्या विद्यापीठात आले आणि 2005 मध्ये लॉस एंजेलिसला गेले. मधली तीसेक वर्षं या मक्याच्या शेतांमधल्या गावात त्यांनी अशी माणसं तपासली, ज्यांची बुद्धी शाबूत होती पण भावना विझल्या होत्या.

त्यांच्या सहकाऱ्यांचा पत्त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. समोर चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांतलं प्रत्येक पान 100 डॉलर देतं, पण मधूनच जबर दंड लावतं. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत 50 च मिळतात, दंडही हलका. चार-दोन फटके खाल्ले की निरोगी माणसाचा हात वाईट गठ्ठ्याकडे जाताना तळव्याला बारीक घाम येतो, कारण सांगता येण्याआधीच. त्या पेशंटांचे तळवे कोरडेच राहायचे. काहींना वाईट गठ्ठे कळायचे, तरी ते तिथूनच पान उचलायचे.

‘भावनेच्या आहारी जाऊ नकोस’ हे ऐकतच आपण वाढलो. म्हणून पुण्याला परतायचं की नाही याचे मी कागदावर दोन रकाने केले. पगार, मुलीची शाळा, घराचं कर्ज. दीड वर्ष झालं, रकाने नुसते लांबताहेत. ‘बाबांचे गुडघे’ या ओळीशी आलं की माझा घसा दाटतो, आणि ती ओळ मी प्रत्येक वेळी पटकन ओलांडते.

रविवारी आईचा फोन येईल. त्या वेळी कागद समोर घेणार नाही.