आमची वाटचाल: बर्नरपासून भट्टीपर्यंत

डोंबिवली एमआयडीसीतल्या गाळ्यात बाबांनी प्रयोगशाळांची काचेची उपकरणं घडवण्याचं-जोडण्याचं काम सुरू केलं तेव्हा एक बर्नर, एक जुनी लेथ आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांतले फुटके कंडेन्सर (वाफ थंड करायच्या काचनळ्या), एवढाच पसारा होता. पुढे केमिकल कंपन्यांची कामं येऊ लागली आणि आम्ही साध्या काचेला रामराम ठोकून बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेवर आलो.

काच म्हणजे मुळात सिलिकाचं, वाळूतल्या मुख्य द्रव्याचं, जाळं. साध्या काचेत या जाळ्यातले दुवे सोडियम तोडतो. जाळं सैल पडतं, म्हणून ती सातशे अंशांच्या थोडं वर मऊ होते, पण तापल्यावर प्रसरणही जास्त पावते. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका, १३ टक्के बोरॉन ऑक्साइड आणि सोडियम अगदी थोडा. तिचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे ती उष्णतेचा झटका सोसते. मात्र मऊ करायला ८२० अंश लागतात, म्हणजे गॅसच्या जोडीला ऑक्सिजन आलाच. या दोन काचा एकमेकींना जोडता येत नाहीत. निवताना सांधा तडकतो. तरी ‘जोडून तर बघा’ म्हणणारे अजून येतात!

खरी मेख निवण्यात आहे. काचेत अणू स्फटिकासारखे ओळीत बसत नाहीत, द्रवातली विस्कळीत मांडणी तशीच गोठते. वरचा थर आधी घट्ट झाला आणि आतला मागाहून आक्रसू लागला, की ताण अडकून राहतो. (टफन्ड, म्हणजे मुद्दाम कणखर केलेल्या काचेत हाच ताण मुद्दाम, मोजूनमापून भरतात.) बाबा ऑक्सिजन बंद करून पिवळ्या ज्योतीत सांधा फिरवत राहायचे, काजळी धरेपर्यंत. लहान नळ्यांना ते पुरायचं. दुहेरी भिंतीच्या रिॲक्टरची (रासायनिक अभिक्रिया घडवायच्या भांड्यांची) कामं घ्यायला लागलो तेव्हा पुरेना. मग कर्ज काढून ॲनिलिंगची, म्हणजे काच सावकाश निववून ताण घालवायची, भट्टी घेतली. माल ५६० अंशांच्या आसपास ठेवायचा आणि रात्रभर हळूहळू उतरवायचा. सकाळी प्रत्येक नग पोलरायझरखाली, म्हणजे काचेत अडकलेला ताण उजळ करून दाखवणाऱ्या उपकरणाखाली, बघतो. सांध्याभोवती उजळ पट्टा दिसला की तो पुन्हा भट्टीत.

‘काम तासाभराचं, मग माल उद्या का?’ असं विचारणाऱ्या ग्राहकाला आता आम्ही पोलरायझरसमोरच उभं करतो. क्वार्ट्झची, म्हणजे जवळपास निव्वळ सिलिकाच्या काचेची, कामं मात्र घेत नाही. तिला सोळाशे अंशांच्या वरची ज्योत लागते आणि आमच्या गाळ्यात तेवढी सोय नाही.