ड्रम कोअरचा शो भरवताना: पैशांचं गणित आम्ही कसं जुळवलं

आपल्या गावात ड्रम कोअरचा, म्हणजे ब्रास आणि ड्रम वाजवणाऱ्या फिरत्या पथकांचा, शो भरवायचा म्हटलं, की सगळे आधी विचारतात, कोणकोणते कोअर येणार? खजिनदाराला वेगळंच विचारावं लागतं: एकही तिकीट विकलं गेलं नाही, तर आपल्या खात्यातून किती जाणार? आमच्या पहिल्याच बैठकीत मी हा प्रश्न टाकला आणि पुढचे कित्येक महिने त्याचंच उत्तर शोधण्यात गेले.

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा हायस्कूलच्या बँडमध्ये मेलोफोन हे ब्रास वाद्य वाजवतो आणि मी त्या बँडच्या बूस्टर्सची, म्हणजे पालकांच्या संस्थेची, खजिनदार होते. वाद्यांची दुरुस्ती, गणवेश, बसचं भाडं, ज्यांना फी झेपत नाही अशा मुलांची मदत, हे सगळं बूस्टर्स निधी जमवून भागवतात. एका हिवाळ्यात बँड डायरेक्टरांनी विषय काढला: पुढच्या उन्हाळ्यात आपल्या स्टेडियमवर शो घेऊ या. मुलांना तो दर्जा जवळून बघायला मिळेल, शिवाय चार पैसेही जमतील.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रम कोअर म्हणजे ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे फिरवणारं कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना इथे जागा नाही. मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या आसपास मुलं-मुली असतात, हायस्कूलच्या वयापासून एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची. अख्खा उन्हाळा ती बसने देशभर फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर पथारी टाकून झोपतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर हंगामाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होते, ती सगळ्यांना दिसते. पण तिथवरचा प्रवास गावोगावच्या शाळांच्या मैदानांवरून होतो आणि अशा प्रत्येक मैदानामागे कुणीतरी यजमान म्हणून सही केलेली असते.

ती सही करण्याआधी कराराचा मसुदा मी दोनदा वाचला. सगळ्यात मोठी रक्कम कार्यक्रमाच्या शुल्काची होती. एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. कोअरची यादी आणि परीक्षक त्यातून येतात. बाकी मैदान, तिकीट, पार्किंग, खाणंपिणं, पोलीस, रुग्णवाहिका, सगळं यजमानाच्या माथी. गर्दी आली नाही तरी शुल्क द्यायचंच.

आमच्यातल्या एका पालकाने विचारलं, "तिकीटविक्रीतला ठरावीक हिस्सा देऊ असं का नाही करत?" प्रश्न रास्त होता, पण या क्षेत्राचा इतिहास नेमका तिथूनच सुरू होतो. पूर्वी मोठ्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना भरवायच्या. नियम त्यांचे आणि बक्षिसाची रक्कमही नंबरावर. लांबून गाडीभाडं खर्चून आलेल्या कोअरच्या हाती काय पडणार, ते निकालावर ठरायचं. १९७१ मध्ये ब्लू स्टार्स, कॅव्हलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स या पाच कोअरनी एकत्र येऊन आपल्या हजेरीचं मोल आपणच ठरवायचं असं केलं. त्यातूनच १९७२ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही कोअरची स्वतःची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती अनाहाइम किंग्समेनने जिंकली. म्हणूनच आधी ठरलेलं शुल्क हा या मंडळींचा जगण्याचा आधार आहे. त्यात घासाघीस करणं मला पटलं नाही आणि आम्ही केलीही नाही.

कोअरचा खर्च डोळ्यांसमोर आणला तर हे लगेच कळतं. प्रवासी बस, वाद्यांचे आणि सामानाचे सेमी ट्रक, चालतं स्वयंपाकघर असलेला वेगळा ट्रक, दिवसाला चार वेळचं जेवण आणि रोज शेकडो मैलांचं डिझेल. मुलं स्वतः हजारो डॉलर फी भरतात, तरी ते पुरत नाहीत. सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या नावाजलेल्या कोअरला पैशाची घडी बसवण्यासाठी २०२३ चा हंगाम सोडावा लागला. १९३४ पासून चालत आलेलं कॅडेट्स २०२४ मध्ये बंद झालं. या बातम्या वाचताना मला खरंच वाईट वाटलं होतं. गावोगावचे शो कमी झाले तर या मुलांनी वाजवायचं कुठे?

आता आमचा हिशेब. शुल्क, मैदान, माणसं, विमा, छपाई सगळं धरून अंदाज ४५,००० डॉलरवर गेला. तिकिटाचे वेगवेगळे दर, ऑनलाइन विक्रीचं कमिशन आणि फुकट द्यावे लागणारे पास वजा केले, की माणशी सरासरी २४ डॉलर हाती येत होते. म्हणजे नुसत्या तिकिटांवर खर्च भागवायला १,८७५ माणसं हवीत. आमच्या गावात जुलैच्या एका संध्याकाळी एवढी माणसं पैसे मोजून येतील, अशी खात्री कुणीच देईना. पण प्रायोजकांकडून १५,००० आधीच जमले, तर हाच आकडा १,२५० वर येतो. हे गणित फळ्यावर मांडल्यावर खोलीतला सूर बदलला. "मार्च संपेपर्यंत प्रायोजकांचे १५,००० खात्यात जमा झाले तरच सही," असा ठराव आम्ही केला. बँड डायरेक्टरांना तो जाचक वाटला, पण मी त्यावर ठाम राहिले. मुलांच्या गणवेशाचे पैसे पणाला लावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

प्रायोजक मिळवणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं. दंतवैद्य, टायरचं दुकान, पतपेढी, घरांचे एजंट, पिझ्झावाले, सगळीकडे फिरलो. कार्यक्रमपत्रिकेत पानभर, अर्धं पान, पाव पान जाहिरात, कुंपणावर फलक, दोन कोअरच्या मधल्या वेळात माइकवरून नाव. एका उपाहारगृहाने मोठ्या रकमेचा शब्द दिला आणि ऐनवेळी हात वर केले. पण तोवर मी सावध झाले होते, ती आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दादांमुळे. त्यांनी इथे वर्षानुवर्षं गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आहे. फोनवर म्हणाले, "अगं, तोंडी आकडा वहीत लिहू नकोस. चेक हातात आला की पावती फाड, मग नाव छापायला दे." मी म्हटलं, "दादा, इथे लोकांना ते उद्धट वाटेल." "उद्धट वाटत नाही गं, पावती मिळाली की उलट विश्वास बसतो," ते म्हणाले. आणि तसंच झालं. बूस्टर्स ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त संस्था असल्यामुळे व्यवस्थित पावती लोकांना हवीच असते. पहिल्या चेकपासून मी हा नियम पाळला. त्यामुळे त्या उपाहारगृहाचा आकडा वहीत चढलाच नव्हता. मार्चअखेर जे १५,००० होते ते खरोखर बँकेत होते.

सही झाली आणि मग छोटे खर्च एकेक करून पुढे आले. आपल्याच शाळेचं स्टेडियम, पण बूस्टर्स ही वेगळी संस्था, म्हणून भाडं लागू. दिवे, आवाजाची यंत्रणा, प्रेस बॉक्स, प्रत्येकाचा वेगळा दर. सफाई कर्मचारी सुट्टीच्या दिवशी येणार म्हणून त्यांचा दीडपट पगार. विम्याचं प्रमाणपत्र हवं, त्यात शाळा प्रशासनाचं नाव सहविमाधारक म्हणून घातलेलं. ड्युटी नसलेले पोलीस तासावर मिळतात, पण त्यांचे किमान तास ठरलेले. रुग्णवाहिका. फिरती शौचालयं. प्रत्येक ओळ वाचताना वाटायचं, हे टाळता येईल का? रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या ओळीला मी हात लावला नाही. बाकी जिथे जमेल तिथे कापलं.

मैदानाभोवतीच्या रनिंग ट्रॅकचा प्रश्न तर आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हता. मारिम्बा, व्हायब्राफोन, स्पीकर, सिंथेसायझर हे सगळं चाकांच्या गाड्यांवर येतं आणि ते ट्रॅक ओलांडूनच मैदानात न्यावं लागतं. शिवाय प्रत्येक कोअरचे उंच देखावे. रबरी ट्रॅकवर ओरखडा पडला तर भरपाई हजारोंत जाते. प्रशासनाची अट होती, की वाट पूर्ण झाकायची. प्लायवूडच्या जाड फळ्या विकत घ्यायच्या तर बराच खर्च आला असता. एका पालकाच्या ओळखीच्या बांधकाम कंत्राटदाराने दोन दिवसांसाठी वापरायला दिल्या. त्या फळ्या एकमेकींना जोडून, सांधे चिकटपट्टीने बंद करून, बाबा लोकांनी भर दुपारी अंथरल्या. मी स्वतः त्यांवरून ढकलगाडी नेऊन पाहिली, कुठे ठेचकाळते का म्हणून.

दोन कोअरच्या मुक्कामाची सोयही आम्ही बघायची होती. उन्हाळ्यात शाळा रिकाम्या, मग अडचण काय, असं वाटतं. अडचण अशी, की त्याच दिवसांत जिमच्या लाकडी जमिनीला नवं पॉलिश आणि वर्गांच्या फरशीला मेण चढवतात, आणि ते वाळेपर्यंत पाऊल ठेवता येत नाही. शेजारच्या गावातल्या शाळेच्या सफाई प्रमुखांनी आम्हाला थेट नकार दिला असता तरी त्यांची चूक नव्हती. बँड डायरेक्टर त्यांच्यासोबत जिममध्ये उभे राहिले आणि कामाचं वेळापत्रक समजून घेतलं. जिमची पाळी एक आठवडा पुढे ढकलता येत होती. बदल्यात कोअर गेल्यावर जिम, शॉवर आणि कॉरिडॉर झाडून-पुसून द्यायची जबाबदारी आम्ही घेतली. ते काम पालकांनीच केलं, त्यामुळे सफाईच्या जादा तासांचे पैसे वाचले. खरं तर या सगळ्या शोमध्ये सर्वांत मोठं दान पैशाचं नव्हतंच. ते लोकांच्या वेळेचं होतं. तिकीटतपासनीस, पार्किंगवाले, स्टॉलवरचे, सगळे मजुरीवर लावले असते तर आमचं गणित पहिल्याच पानावर मोडलं असतं.

खाण्याच्या स्टॉलचा विचार मी फार बारकाईने केला, कारण तिकिटातला पैसा खर्चात जाणार हे ठरलेलं होतं. बूस्टर्सच्या हाती उरणार तो स्टॉलमधूनच. पाणी, हॉट डॉग, पिझ्झा आणि वॉकिंग टाको, म्हणजे चिप्सच्या पाकिटातच खिमा, चीज, सॅलड घालून द्यायचं. मांडायला सोपं, भांडी नाहीत, नफा बरा. कोअरच्या टी-शर्टच्या दुकानांची विक्री मात्र त्यांचीच. त्यात आम्ही वाटा मागितला नाही. रोख मोजायला कायम दोघं बसायचे, पैसे मोहरबंद पिशवीत जायचे आणि पिशवीवर दोघांच्या सह्या व्हायच्या. गर्दीत इंटरनेट रखडलं की कार्डाची यंत्रं बंद पडतात, म्हणून सुट्ट्यांचे गल्ले आधीच भरून ठेवले होते. ते कामी आले.

त्या संध्याकाळी तिसरं कोअर मैदानात उतरायच्या बेतात असताना पश्चिमेला वीज चमकली. नियम सरळ आहे: स्टेडियम रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा गडगडाट झाला तर घड्याळ परत शून्यावर. प्रेक्षक जिममध्ये आणि आपापल्या गाड्यांत, वाद्यं ताडपत्रीखाली. माझ्या डोक्यात मात्र दुसरं घड्याळ चालू होतं: पोलिसांचे जादा तास, सफाईवाल्यांचे जादा तास, गावाच्या नियमाप्रमाणे दिवे आणि आवाज बंद करायची वेळ. पावसाचा विमा आम्ही चौकशी करून सोडून दिला होता. हप्ता परवडणारा नव्हता. "शो पावसातही होईल, परतावा नाही" हे तिकिटावर ठळक छापलं होतं. कायद्याने तेवढं पुरे होतं, पण लांबून पोरं घेऊन आलेल्या माणसांना रिकाम्या हाती परत पाठवायचं या विचाराने जीव खालीवर होत होता. मैदान मोकळं झालंच नाही तर कोअरनी जिममध्ये उभ्यानेच वाजवायचं, असंही डायरेक्टरांनी त्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून ठेवलं. ती वेळ आली नाही. तासाभराहून जास्त खोळंबा झाला, मध्यंतर रद्द केलं आणि सगळी कोअर मैदानावरच वाजवून गेली. थांबलेल्या लोकांनी स्टॉलवर रांगा लावल्या. पाणी आणि पिझ्झा दोन्ही संपले.

पैसे भरून आलेले प्रेक्षक साडेचौदाशेच्या आसपास भरले. प्रायोजक नसते तर आम्ही दहा हजार डॉलरने खड्ड्यात गेलो असतो आणि स्टॉलनेही तो खड्डा भरला नसता. प्रायोजक, तिकीट आणि स्टॉल मिळून सगळी बिलं, विजेमुळे वाढलेले जादा तास धरून, फिटली आणि साधारण नऊ हजार उरले. शेवटचं बिल ऑगस्टच्या मध्यावर आलं. तोवर मी नफ्याचा आकडा कुणालाही सांगितला नाही.

उरलेल्या रकमेचे दोन भाग केले. पाच हजार वेगळ्या खात्यात, फक्त पाऊस आणि रद्द शो यांच्यासाठी. त्याला हात लावायचा तर बैठकीत दोन-तृतीयांश मतं लागतील अशी अट घातली. बाकीच्यातून शरद हंगामात ज्या घरांना फी जड जाते त्यांची मदत केली आणि एका सूझाफोनची, म्हणजे अंगाभोवती घेऊन वाजवायच्या मोठ्या ब्रास वाद्याची, डागडुजी केली. पुढच्या वर्षीच्या यजमानपदाचा विषय सप्टेंबरच्या बैठकीत आला. मुलगा अजून दोन वर्षं बँडमध्ये असणार होता, मीही खजिनदार राहायला तयार होते. मार्चअखेरची अट तशीच ठेवून, प्रायोजकांचा आकडा १८,००० वर नेऊन ठराव मंजूर झाला.